दोन तासांच्या आत

पहाटे ५.४०

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातला पाऊस बारीक आहे, पण रात्रभर थांबलेला नाही. ताई रेनकोट चढवते आणि स्कूटीच्या पायाशी निळा आइसबॉक्स ठेवते. आत दोन आइसपॅक, सुया, लाल-जांभळ्या झाकणांच्या नळ्या, कापूस आणि डझनभर रिकाम्या डब्या. समोरच्या दारातले काका विचारतात, "पाणी किती?" जुलैत बावड्यात सकाळची चौकशी अशीच सुरू होते. राजाराम बंधारा कधीच पाण्याखाली गेलाय. पंचगंगा रात्री ३१ फुटांवर होती. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. हे आकडे इथं लहान पोरांनाही पाठ.

ताई डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियन आहे. राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये चौदा वर्षं काम करते. रक्तही काढते, मशीनही चालवते, पण लॅबमध्ये तिचं टेबल म्हणजे लघवीचं टेबल. नवी मुलं येतात, वर्षभरात रक्ताच्या मशीनवर सरकतात. लघवीवर बसायला कोणाला आवडत नाही. ती बसली, ती बसलीच.

सकाळी ६.१५

साने गुरुजी वसाहत. पहिलं होम कलेक्शन. निवृत्त शिक्षक, वय ६८, साखर सोळा वर्षांपासूनची. घरी येण्याचे १०० रुपये बिलात लागतात, त्यातले ४० ताईला मिळतात. पेट्रोल तिचं.

गुरुजींनी डबी धुऊन पुसून, कागदात गुंडाळून तयार ठेवलीय.

"किती वाजता धरली, गुरुजी?"

"चार वाजता. पहिलीच पाहिजे म्हणालीस ना तू?"

ताई डबी उजेडात धरते. फॉर्म बघते. युरीन रूटीन आणि एसीआर, अशा दोन तपासण्या आहेत. "ही एसीआरला चालते. रूटीनला आत्ताची द्या. थोडी सोडायची, मग मधली धरायची."

गुरुजी कुरकुरतात. पण जातात.

कारण सोपं आहे. लघवी बाहेर आली की ती बदलायला लागते. जंतू वाढतात, आम्लता कमी होत जाते, पेशी फुटतात, किडनीतून आलेले प्रोटीनचे साचे (कास्ट) विरघळतात. एसीआरमध्ये मोजतात ते अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, मात्र दिवसभर टिकून राहतं. म्हणून एसीआरला चारची डबी चालते. मायक्रोस्कोपखाली बघायची असेल तर दोन तासांच्या आत बघायची. ते जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवायची. ताई मार्कर काढते आणि एका डबीवर ४.००, दुसरीवर ६.२५ लिहिते. नावाच्या आधी वेळ.

सकाळी ७.१०

लॅबचं शटर. मावशीनं फरशी पुसून घेतलीय, फिनेलचा वास आहे. ताई फ्रिजचं तापमान वहीत लिहिते: ४. सेंट्रिफ्यूजचं झाकण उघडून आत बघते. मग स्ट्रिपची बाटली.

एका बाटलीत १०० स्ट्रिप असतात. या लॅबला ती साडेसहाशेला पडते, म्हणजे स्ट्रिप साडेसहा रुपयांची. डबी चार रुपये. काचपट्टी आणि कव्हरस्लिप मिळून दोन. युरीन रूटीनचा दर १२०. मधल्या पैशांत जागेचं भाडं, वीज, पगार, सह्या, सगळं आलं.

पावसाळ्यात ही बाटली जपावी लागते. झाकण उघडं राहिलं की दमट हवा आत जाते आणि नायट्राइटचा चौकोन आपोआप गुलाबी पडतो. मग ज्याला काही नाही त्याच्याही लघवीत जंतू. गेल्या पावसाळ्यात एक शिकाऊ मुलगा बाटली उघडी ठेवून चहाला गेला होता. ताईनं उरलेल्या साठ-सत्तर स्ट्रिप सरळ कचऱ्यात टाकल्या. तिला त्या मुलापेक्षा बाटलीचं वाईट वाटलं होतं, असं ती स्वतःच सांगते.

आज आधी कंट्रोलचं पाणी. एका बाटलीत सगळं निल, दुसरीत सगळं पॉझिटिव्ह. दोन्ही बरोबर आली की दिवस सुरू.

सकाळी ७.४५

बाकडी भरली. राधानगरी, गारगोटी, गगनबावडा. पहिल्या एसटीनं निघालेली माणसं, उपाशी पोटी, ओल्या छत्र्या भिंतीला टेकवून.

एक मुलगा खिशातून खोकल्याच्या औषधाची बाटली काढतो. आत आजीची लघवी.

"ही धुतलीय का?"

"दोनदा इसळली, ताई."

"इसळली तरी चालत नाही. आतलं औषध गोड असतं. रिपोर्ट चुकायचा." ती नवी डबी देते. मुलगा कपाळावर हात मारतो. आजी गावाकडं, आणि गाव दीड तासावर.

पुढची बाई पंचविशीतली. फॉर्मवर लिहिलंय, तिसरा महिना, बीपी. त्यानंतरची चाळिशीची. तिला ताई बाजूला घेऊन कानात काही विचारते. बाई मान डोलावते. ताई तिची लघवी घेत नाही, फक्त रक्त घेते, आणि पाच दिवसांनंतरची तारीख लिहून देते. पाळीचं रक्त डबीत आलं की रिपोर्टवर आरबीसी, म्हणजे लाल पेशी येणार, आणि त्या रिपोर्टवरून पुढं सोनोग्राफी, तिथून पुढं आणखी काही. बाई तिकिटाचा हिशेब करते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असलं तरी रोजगार बुडतो तो पूर्णच.

सकाळी ९.००

तीस डब्या रांगेत. ताई आधी नुसती बघते. रंग, गढूळपणा, फेस. एक नारिंगी आहे. फॉर्मवर टीबीची औषधं लिहिलीत, म्हणजे रिफाम्पिसिन. ती सोडून पुढं. एक गर्द, कोऱ्या चहाच्या रंगाची. ती उचलून वेगळी ठेवते.

मग स्ट्रिप. बुडवायची, लगेच काढायची, कडेला टेकवून थेंब गाळायचा, आडवी धरायची. उभी धरली तर वरच्या चौकोनाचं रसायन खालच्यात उतरतं. साखर ३० सेकंदांनी वाचायची, प्रोटीन ६० नी, पांढऱ्या पेशी १२० नी. लॅबमध्ये वाचणारं छोटं मशीन आहे. ते चिठ्ठी छापतं. ताई चिठ्ठी घेते आणि स्ट्रिपही स्वतः बघते.

एका चिठ्ठीवर साखर ४ प्लस. शिकाऊ मुलगी घाबरून म्हणते, "ह्यांची शुगर पाचशे असणार!" ताई त्याच माणसाचं रक्त बघायला सांगते. उपाशीपोटीची ११८. "गोळ्या काय लिहिल्यात?" डापाग्लिफ्लोझिन. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते, तेच तिचं काम. स्ट्रिप खरं बोलतेय आणि माणूसही बरा आहे.

प्रोटीनचा चौकोन पिवळ्यापासून हिरव्याकडे जातो. ट्रेस, एक प्लस म्हणजे साधारण ३० मिलिग्रॅम, दोन म्हणजे १००, तीन म्हणजे ३००. पण ही घनता आहे. रात्रभर पाणी न प्यालेल्या माणसाची लघवी दाट, तिच्यात एक प्लस सहज दिसतो. तांब्याभर पाणी पिऊन आलेल्याचा खरा दोष पातळ होऊन लपतो. आणि लघवी जास्त अल्कली असेल तर काही नसताना चौकोन हिरवा होतो. म्हणून वरच्या फळीवर अजून स्पिरिटचा दिवा, टेस्ट ट्यूबचा चिमटा आणि सल्फोसॅलिसिलिक ॲसिडची बाटली आहे. शंका आली की तीन थेंब टाकायचे. प्रोटीन असेल तर पांढरं होतं. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात रिचर्ड ब्राइट चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवायचा, ती साकळली की किडनी बिघडली असं मांडायचा. त्याचं पुस्तक १८२७ चं. चौकोनी कागदाची पट्टी यायला त्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षं लागली.

सकाळी ९.४५

आता खरं काम. नळीत दहा मिली लघवी. सेंट्रिफ्यूज, १५०० फेरे, पाच मिनिटं. वरचं पाणी एका झटक्यात ओतून टाकायचं, तळाला अर्धा मिली ठेवायचं. बोटानं टिचकी मारून गाळ हलवायचा. एक थेंब काचेवर, वर कव्हरस्लिप, बुडबुडा न धरता.

मायक्रोस्कोपवर बसल्यावर ताई पहिली गोष्ट करते ती उजेड कमी करण्याची. कंडेन्सर खाली. लख्ख उजेडात साचे दिसतच नाहीत. ते जवळजवळ पारदर्शक असतात. शिकाऊ मुलगी उजेड वाढवून बसते आणि "काहीच नाही" लिहिते. ताई तिच्या मागून हात घालून स्क्रू फिरवते. "आता बघ."

आधी दहाच्या भिंगाखाली, कव्हरस्लिपच्या कडांनी फिरायचं, कारण साचे कडेला जमतात. मग चाळीसच्या भिंगाखाली दहा ठिकाणी मोजायचं. पस सेल्स पाचापर्यंत चालतात. आरबीसी दोनापर्यंत. चपट्या मोठ्या एपिथेलियल पेशींचा खच असेल तर किडनी राहिली बाजूला, डबी नीट धरलेली नाही एवढंच कळतं. असा रिपोर्ट ताई पुढं ढकलत नाही, माणूस बाकड्यावर असेल तर परत डबी देते.

फसवणारी मंडळीही खूप. यीस्ट आरबीसीसारखं गोल दिसतं. तेव्हा कडेनं ॲसेटिक ॲसिडचा थेंब सोडायचा. आरबीसी फुटतात, यीस्ट तसंच राहतं. हातमोज्याची पावडर. हवेचे बुडबुडे. कापसाचा धागा तर दर नव्या पोराला कास्ट वाटतो. ऑक्झॅलेटचे स्फटिक दिसले की पोरं "स्टोन, स्टोन" म्हणतात. चौकोन, मधे फुली, दिसायला देखणे. पण पालक, चहा, टोमॅटो खाणाऱ्या निम्म्या गावाच्या लघवीत ते सापडतील.

कास्ट म्हणजे साचा. किडनीतल्या नळीत प्रोटीन साकळतं, नळीच्या आकाराचं होतं आणि सोऱ्यातून शेव पडावी तसं तुटून खाली येतं. त्या वेळी नळीत जे असेल ते त्यात अडकतं. काहीच नसेल तर साचा काचेसारखा, त्याला हायलाइन म्हणतात. ताप, पळापळ, कमी पाणी, एवढ्यानंही तो येतो. पांढऱ्या पेशी अडकल्या असतील तर जंतुसंसर्ग मूत्राशयात थांबलेला नाही, वर किडनीत गेलाय. रुंद, मेणचट, तुटक कडांचा साचा जुन्या दुखण्याचा. आणि लाल पेशी अडकल्या असतील तर रक्त किडनीच्या गाळणीतूनच येतंय. मुतखड्यातून किंवा मूत्राशयातून आलेलं रक्त असा आकार घेऊन येत नाही.

हे सगळं रिपोर्टवर एका ओळीत येतं. बहुतेक रिपोर्टवर त्या ओळीत "ॲबसेंट" छापलेलं असतं. काही लॅबमध्ये ते आधीच टाइप करून ठेवलेलं असतं, हेही खरं.

सकाळी ११.१०

बाजूला ठेवलेली चहाच्या रंगाची डबी. पन्हाळा तालुक्यातला मुलगा, वय ९. फॉर्मवर लिहिलंय: चेहऱ्यावर सूज, लघवी कमी. आई बाकड्यावर बसलीय, मुलगा तिच्या मांडीवर आडवा. त्याच्या नडग्यांवर वाळलेल्या खपल्यांचे डाग.

स्ट्रिपवर रक्त ३ प्लस, प्रोटीन २ प्लस. ताई काच लावते. बराच वेळ बोलत नाही. कडेनं फिरते, थांबते, चाळीसचं भिंग लावते. मग दिवसभर तिच्यासोबत असलेल्या मला बघायला सांगते.

मंद पिवळ्या उजेडात एक नळकांडं. दोन्ही कडा समांतर, तांबूस. आत गोल पेशी एकीला एक खेटून. त्याच्या आजूबाजूला सुट्या लाल पेशी, फील्डला चाळीस-पन्नास, त्यातल्या कितीतरी वेड्यावाकड्या. काहींना बाहेर फुगे आलेले. गाळणीच्या भिंतीतून घुसताना त्यांचा आकार मोडतो. बर्च आणि फेअर्ली यांनी १९७९ मध्ये हे मांडलं: पेशी गोल गरगरीत असतील तर रक्त खालच्या वाटेवरचं, मोडक्या असतील तर किडनीतलं.

ताई उठून आईकडे जाते. "पायाला काय झालं होतं?"

"गळवं झाली हुती. पावसाचं पाण्यात हिंडतंय की. तीन आठवडं झालं. बरी झाली बगा आपसूक."

ताई काही सांगत नाही. सांगायचा अधिकार तिचा नाही. पण ती त्या काचेला खूण करून मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवते.

सकाळी ११.४०

मॅडम म्हणजे पॅथॉलॉजिस्ट, एमडी. रिपोर्टवर सही त्यांची. पदव्युत्तर पॅथॉलॉजिस्टच्या सहीशिवाय रिपोर्ट देता येत नाही, यावर सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये शिक्कामोर्तब केलं. मॅडम काच बघतात, मान हलवतात, मुलाचं क्रिएटिनिन मागवतात. ०.९. मशीनच्या चिठ्ठीवर समोर छापलंय ०.७ ते १.३, म्हणजे नॉर्मल.

"ही मोठ्यांची रेंज आहे," मॅडम ती पेनानं खोडतात. नऊ वर्षांच्या मुलाचं एवढं नसतं. स्नायू लहान, क्रिएटिनिनही कमी हवं. त्या बालरोगतज्ज्ञांना फोन लावतात. "आरबीसी कास्ट आहेत. स्किन इन्फेक्शनची हिस्ट्री आहे. बीपी बघितलंय का?" पलीकडून काहीतरी उत्तर. "मग आजच ॲडमिट करा. सी-३ लावते मी."

त्वचेवरचे जंतू मरून गेले, त्यांच्याविरुद्ध शरीरानं उभी केलेली फौज किडनीच्या गाळणीत अडकली. तीन ते सहा आठवड्यांनी हे होतं, म्हणून आईला गळवाची आणि सुजेची सांगड लागत नाही. वेळेत बीपी आणि पाणी सांभाळलं तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात.

आई विचारते, "किती पैसे लागतील?" ताई सीपीआर या सरकारी दवाखान्याचा रस्ता सांगते. दसरा चौकातून पुढं. रिक्षानं जा, पोराला चालवू नका.

दुपारी १.२०

डबे उघडले. भाकरी, वरणा, ठेचा. शिकाऊ मुलीनं बाहेरून वडापाव आणलाय, वीस रुपये. तिचा पगार नऊ हजार. ताईचा एकोणीस हजार पाचशे, अधिक होम कलेक्शनचे सुटे. थोरला मुलगा आयटीआयला आहे. मानेचा पट्टा पर्समध्ये असतो. मायक्रोस्कोपवर वाकून वाकून मान गेलीय, ती जेवताना पाच मिनिटं लावते.

"ऑटोमॅटिक मशीन आलंय म्हणे पेशी मोजायचं?" मी विचारतो.

"आलंय. फोटो काढतं. चांगलं आहे," ताई ठेचा पुढं सरकवते. "संशय आला की तेही म्हणतं, माणसाला दाखवा."

दुपारी २.३०

कलेक्शन सेंटरचा मुलगा भिजून आला. इचलकरंजीहून निघाला तेव्हा साडेअकरा, हातकणंगल्यात गाडी पंक्चर. बॉक्समधले आइसपॅक कोमट झालेत. रक्ताच्या नळ्या ठीक आहेत. लघवीच्या अकरा डब्यांवर वेळच लिहिलेली नाही.

ताई एक लावून बघते. सगळीकडे जंतू वळवळतायत, पेशी फुटलेल्या, नायट्राइट पॉझिटिव्ह. हा माणसाचा संसर्ग की डबीतला, सांगता येत नाही.

"ह्या अकरा परत."

"ताई, परत म्हणजे अकरा जणांना फोन. शिव्या घालतील मला."

"घालू देत. चुकीचा रिपोर्ट दिला तर अँटिबायोटिक खातील बिचारे."

मुलगा तोंड पाडून बसतो. पंक्चरचे ऐंशी रुपये त्याच्या खिशातून गेलेत. पगार अकरा हजार, पेट्रोलला रोज दीडशे, त्यात पंक्चर धरलेलं नसतं. ताई मॅडमकडे जाऊन येते आणि त्याला शंभराची नोट देते. अकरा डब्या मात्र रद्द.

दुपारी ३.२५

एसीआर मशीनवर. लघवीतलं अल्ब्युमिन आणि लघवीतलंच क्रिएटिनिन, यांचं गुणोत्तर. पाणी कमी प्या की जास्त, दोन्ही एकदमच पातळ किंवा दाट होतात, त्यामुळे आकडा हलत नाही. ३० च्या आत ठीक. ३० ते ३०० म्हणजे गाळणी झिरपायला लागलीय. ३०० च्या वर म्हणजे भोक मोठं.

गुरुजींचा आकडा येतो: १८६.

ताई सकाळची स्ट्रिपची चिठ्ठी काढून बघते. प्रोटीन: निल. दोन्ही बरोबर आहेत. ६.२५ ची लघवी पातळ होती, गुरुजी उठल्यावर दोन तांबे पाणी पितात. तेवढ्यातलं अल्ब्युमिन स्ट्रिपच्या डोळ्याला दिसत नाही. क्रिएटिनिन १.१, किडनी किती गाळते ते सांगणारा ईजीएफआर ७३. म्हणजे किडनी अजून चांगली चालतेय. क्रिएटिनिन उशिरा बोलतं. निम्म्याच्या आसपास काम गेल्यावर ते वर सरकायला लागतं. अल्ब्युमिन त्याच्या कितीतरी आधी.

एका आकड्यावर निदान होत नाही. ताप, व्यायाम, लघवीचा संसर्ग, फार चढलेली साखर, यांनीही तो वाढतो. तीन ते सहा महिन्यांत तीनदा तपासून दोनदा वाढलेला आला, तर धरायचं. मॅडम रिपोर्टखाली पुन्हा तपासण्याची ओळ टाकतात.

दुपारी ४.५०

एक पैलवान. वीस-बावीसचा, दारातून आडवा होऊन आत यावा असा. मित्रानं धरून आणलंय. मांड्या दगडासारख्या, पायरी चढवत नाही. गावच्या यात्रेसाठी दोन महिने तालमीपासून लांब होता. परत आला आणि परवा ईर्ष्येनं हजारावर बैठका मारल्या. काल मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या. आज लघवी काळपट.

स्ट्रिपवर रक्त ३ प्लस. ताई सेंट्रिफ्यूज फिरवते. रक्त असतं तर लाल गाळ तळाला बसून वरचं पाणी निवळलं असतं. पाणी तसंच काळपट. काचेवर आरबीसी: शून्य ते एक.

स्ट्रिपला रक्तातलं हिमोग्लोबिन आणि स्नायूतलं मायोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. दोघांनाही ती हिरवी होते. हे स्नायू फुटून आलेलं. सीके हे स्नायूतलं एन्झाइम मशीनवर लावलं तर मशीननं मोजायलाच नकार दिला; पातळ करून परत लावावं लागलं. मॅडम फोनवर. पैलवान विचारतो, "पाणी जास्त पिऊ का?" "पाणी सलाईननं देतील. इथनं थेट दवाखान्यात जायचं. आणि ती गोळी बंद."

मित्र बाहेर जाऊन रिक्षा थांबवतो. सगळा प्रकार वीस मिनिटांत उरकला.

संध्याकाळी ६.०५

गुजरीतले एक सोनार. तीस वर्षं दागिन्यांना डाक लावतात. जुन्या दिवसांत डाकात कॅडमियम असायचं; केडीएम दागिने म्हणायचे ते त्यामुळेच. ते वितळताना उठणारा धूर किडनीच्या बारीक नळ्यांना बाधतो. तिथून गळतात ती लहान प्रोटीनं, अल्ब्युमिन नव्हे. त्यामुळे स्ट्रिप गप्प. डॉक्टरांनी बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन लिहून दिलंय. ते आम्ल लघवीत टिकत नाही. ताई डबीत अल्कलीचे थेंब टाकते, कागदानं पीएच बघते, सहाच्या वर गेल्यावर झाकण लावते. कुरिअरनं मुंबईला जाईल, तीन दिवसांनी रिपोर्ट. चौदाशे रुपये. सोनार पाकीट काढताना म्हणतात, "त्या वेळी पंखा लावला की ज्योत हलायची, म्हणून खिडकी पण बंद ठेवायचो."

त्यांच्या मागे कागलचा एक माणूस. पंचेचाळिशीचा, डाव्या हातावर फिस्टुलाची जाड शीर. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, महात्मा फुले योजनेतून. गाडीभाडं घरचं. महिन्याच्या तपासण्यांच्या छापील यादीत युरीन रूटीनवरही टिक आहे. ताई डबी पुढं करते.

"आता थेंब येत न्हाई, ताई. सहा म्हैनं झालं."

ती यादीतली ती ओळ खोडते आणि बिलातून १२० रुपये वजा करते.

संध्याकाळी ७.१५

दिवसाच्या डब्या सिंकमध्ये. एक टक्का हायपोक्लोराइट, अर्धा तास, मग गटार. रिकाम्या डब्या लाल पिशवीत. सुया पांढऱ्या डब्यात. कचऱ्याची गाडी उद्या सकाळी येऊन वजन करून नेते, पैसे महिन्याला. ताई मायक्रोस्कोपचं भिंग मऊ कागदानं पुसते, दहाचं भिंग खाली आणते आणि कव्हर घालते.

संध्याकाळी ७.५०

शटर अर्धं खाली असताना गुरुजींचा मुलगा रिपोर्ट न्यायला येतो. हातात वडिलांची जाड फाईल. तिथंच उभ्यानं वाचतो.

"प्रोटीन निल आहे. क्रिएटिनिन पण नॉर्मल. मग हे १८६ काय?"

"डॉक्टरांना दाखवा. तेच सांगतील," ताई म्हणते. मग राहवत नाही. "ह्याआधी एसीआर कधी केली होती?"

तो काउंटरवर फाईल उघडतो. साखरेचे रिपोर्ट, तीन महिन्यांच्या सरासरीचे, ईसीजी, डोळ्यांचा. दरवर्षीचं युरीन रूटीन, दरवर्षी प्रोटीन निल. एसीआर एकदाही नाही. सोळा वर्षांत कोणी लिहून दिली नव्हती, आणि घरच्यांनी विचारली नव्हती. या लॅबमध्ये तिचे ४५० रुपये पडतात.

साखर असलेल्या माणसानं, आणि बीपी असलेल्यानंही, ती वर्षातून एकदा करायची असते. टाइप टू असेल तर निदान झाल्याच्या वर्षापासून. सरकारी दवाखान्यात विचारलं तर आणखी स्वस्तात होऊ शकते. तुमच्या घरात अशी फाईल असेल, तर ती काढा आणि त्यात एसीआरचा कागद आहे का बघा. नसेल तर पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे तेवढं एक मागा. डबीवर धरल्याची वेळ लिहायला विसरू नका.